काकांची ७८ची पद्मिनी: रविवारच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबरला रस्त्यावरून उतरली. २००३ साली नोंदलेली गाडी, टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. पेपरात तो फोटो बघताना आठवलं, आपली एक अजून कोल्हापूरजवळच्या चिखलीत उभी आहे. आपली म्हणजे काकांची.

१९७८ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. कागदावर पद्मिनी, पण घरात कुणी तिला पद्मिनी म्हटलं नाही, फियाटच. काकांचा गुळाचा व्यापार होता. प्रयाग चिखलीतून निघून शाहूपुरीत सौद्याला जाताना ते आमच्या मंगळवार पेठेतल्या घरावरून जायचे. गाडी कोपऱ्यावर दिसायच्या आधी ऐकू यायची. टप् टप् टप् आणि मधेच हलकी फुस्स. तो आवाज आला की मी पाटीवरचं गणित टाकून पळायचो.

गाड्यांचा नाद असा लागला. तशा गल्लीत डॉक्टरांची डुक्कर फियाट होती, कारखान्याच्या साहेबांची पांढरी अँबॅसिडर यायची, दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार बघायला काका खांद्यावर बसवून दसरा चौकात न्यायचे. मेबॅक बघितली की तोंड उघडं राहायचं. पण मांडीवर बसवून स्टेअरिंग हातात दिलं ते फियाटनं.

काका जाऊन अकरा वर्षं झाली. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. २०१९चा पूर तिनं बघितला, २०२१चाही. दोन्ही वेळेला पाणी सीटच्या वर.

आज चिखलीला जाऊन काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "ने की. सव्वा रुपया ठेव देवापुढं आणि ने. पण चालू झाली की पहिली फेरी जोतिबाची. नवी आणली तवा तिथंच नेली हुती."

ही वही अशासाठी की कुणाच्या तरी गोठ्यात अशीच एखादी उभी असेल. मी बँकेतला माणूस, मेकॅनिक नाही. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीच काम होणार.

१९ नोव्हेंबर

गाडी आणली. चारही चाकं जाम होती, ब्रेक धरून बसलेले. ड्रमवर लाकडी हातोडीनं ठोकून दोन सुटली, दोन नाही. शेवटी क्रेनवाल्याला बोलावलं. ३,५०० रुपये.

उद्यमनगरात मित्राच्या लेथच्या शॉपमागं एक शेड भाड्यानं घेतली आहे, महिना २,५००. शेजारी टर्नर, पलीकडं वेल्डर, दोन गल्ल्या सोडून फाउंड्री. कोल्हापुरात राहून जुनी गाडी करायची तर याच्यापेक्षा सोयीची जागा नाही.

डिकी उघडली. गुळाचा वास येईल असं उगाच वाटलं होतं. आला तो गाळाचा.

२६ नोव्हेंबर

इंजिन जाम. हँडल घालून दोघं लटकलो तरी हललं नाही. प्लग काढून चारी भोकांत अर्धं डिझेल, अर्धं गिअर ऑइल ओतून ठेवलं आहे. रोज संध्याकाळी बँकेतून जाऊन थोडं थोडं भरायचं आणि हँडलला हलका झोका द्यायचा. जोर लावायचा नाही, रिंगा तुटतात.

मेस्त्री पहिल्यांदाच गाडी बघायला आले. वय सत्तरीचं, हाताखालून शेकडो फियाट गेलेल्या. बॉनेट उघडायच्या आधी ते खाली वाकले, दाराखालच्या पट्टीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाले, "मालक, इंजिन काय पळून चाललंय व्हय? पत्रा बघा आधी. मग ब्रेक. इंजिन शेवटाला."

मी हो म्हटलं आणि इंजिनच सुरू केलं. मला तो आवाज ऐकायचा होता. या एका हट्टापायी पुढं किती महिने गेले ते वाचालच.

३१ डिसेंबर

नवव्या दिवशी इंजिन फिरलं. फिरलं म्हणजे हँडल पाव फेरा गेलं आणि मी शेडमध्ये एकटाच ओरडलो.

दहा तारखेला खोललं. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये पाणी बसून गंजाची कडी उमटली होती, नखाला लागेल इतकी. नुसतं होनिंग, म्हणजे आतून हलकं घासणं, करून भागणार नाही, बोअर करायला, म्हणजे भोकच कापून मोठं करायला लागलं. मूळ बोअर ६८ मि.मी. टर्नरनं मोजून सांगितलं, "वीस थाऊ काढतो, चारी एकदम. एकच काढून उपयोग न्हाई."

वीस थाऊ म्हणजे अर्धा मि.मी. तेवढ्यानं मोठे, ओव्हरसाइज पिस्टन पुण्यात मिळाले. इथं चूक केली: बोअर आधी करून घेतला, पिस्टन नंतर आले. पिस्टन हातात आल्यावर त्याला मोजून बोअर करायचा असतो. नशिबानं फरक होनिंगमध्ये निघाला. नसता निघाला तर पुढच्या मापाला जावं लागलं असतं.

बोअरिंग ३,२००. पिस्टन, रिंगा, पिन ७,८००. गॅस्केट सेट १,९००. व्हॉल्व्ह घासून बसवले, ते काम मी स्वतः केलं. हातांच्या तळव्यांत काठी धरून रवीसारखी फिरवायची. तीन रविवार आणि दोन्ही खांदे.

७ जानेवारी २०२४

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे चारी सिलिंडरचा धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारं नळकांडं, तडकलेलं आहे. टोकाच्या पोर्टापाशी, म्हणजे इंजिनाला जोडायच्या तोंडापाशी, बोटभर तडा. तड्यावर कधीकाळी कुणीतरी पितळेचा झाळ मारलेला दिसतो, तोही सुटलेला. पुरात गेलं असणार असं धरून चाललो.

जुन्या बाजारात मिळालं नाही. मग म्हटलं, फाउंड्रीच्या गावात राहतो आणि एक बीडाचा, ओतीव लोखंडाचा तुकडा मिळत नाही म्हणजे काय! एका फाउंड्रीत गेलो. एकच नग म्हटल्यावर ते हसले. मग चहा झाला, फियाटच्या गोष्टी निघाल्या, मालकाच्या वडलांचीही होती म्हणे, आणि काम ठरलं. वाळूत ठसा उमटवायचा नमुना, म्हणजे पॅटर्न, करायचा खर्च नको म्हणून तडकलेलं मॅनिफोल्डच पॅटर्न म्हणून वाळूत दाबायचं.

आठवड्यानं कास्टिंग आलं. देखणं. हेडवर लावून बघतो तर मधले पोर्ट बरोबर आणि टोकाचे आत सरकलेले.

फाउंड्रीतल्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट मला माहीत नव्हती: बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक. पॅटर्न करणारा तेवढं माप मुळातच वाढवून धरतो. मी तयार नगच पॅटर्न म्हणून दिला, त्यामुळे सव्वा फुटाच्या तुकड्यात पावणेचार मि.मी. गेले. फाउंड्रीवाल्यानं आधी सांगितलं होतं का? सांगितलं होतं. "जरा बारीक यील हं," असं. मला वाटलं जाडीला बारीक.

२,२०० रुपये भंगारात.

२८ जानेवारी

दुसरं कास्टिंग. या वेळी जुन्या तुकड्याचे मधून करवतीनं दोन भाग करायचे, मधे पट्टी घालून लांबी वाढवायची असं ठरत होतं. मेस्त्रींनी थांबवलं. "जुनं कापू नका. असू द्या. कशाला तरी लागतंय." मग लाकडाचा पॅटर्न करूनच घेतला. पॅटर्नचे ४,५००, कास्टिंग आणि मशिनिंग २,६००. आता बसलं.

सुरुवातीलाच पॅटर्न केला असता तर तीन आठवडे वाचले असते. पॅटर्न माझ्याकडे आहे.

११ फेब्रुवारी

इंजिन गाडीत बसवलं. सकाळी दहापासून स्टार्टर मारतोय. सुरू होत नाही. अकरा वाजता कार्बोरेटरमधून फटाका, हातभर ज्वाळ, माझ्या भुवया थोड्या कमी झाल्या. शेजारच्या वेल्डरनं पलीकडून हाळी दिली, "जाळ आन् धूर संगटच!"

पेट्रोल येतंय, ठिणगी येतेय, ठिणगीचा क्रम १-३-४-२ तीनदा तपासला. चार वाजता मेस्त्री आले, एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि मला हँडल फिरवायला सांगितलं. पिस्टन वर आल्याची खूण जुळली तेव्हा अंगठ्याला दाब नव्हता.

पिस्टन वर दोनदा येतो. एकदा दाबताना, एकदा धूर बाहेर टाकताना. मी दुसऱ्या वेळेला खूण जुळवून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, बसवला होता. म्हणजे बरोबर अर्धा फेरा उलटा. काढून फिरवून बसवायला दहा मिनिटं लागली. पहिल्या झटक्याला सुरू.

अंगठ्याची ही युक्ती लक्षात ठेवा. आग विझवायला ओलं पोतं जवळ ठेवा, तेही.

आणि आवाज? आवाज तो नाही. गुळगुळीत, शिवणयंत्रासारखा. टप् टप् नाही, फुस्स तर नाहीच. मेस्त्री खूश आहेत. मी नाही.

१८ फेब्रुवारी

आवाजासाठी सायलेन्सर बदलून बघितला. जुन्या मापाचा दुसरा आणला, २,६००. फरक नाही. नुसता जाडा झाला.

२५ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

ब्रेक झालेले नव्हते. हँडब्रेक लागत होता आणि शेडपुढची मोकळी जागा पन्नास फूट. म्हटलं पहिल्या गिअरवर पुढं-मागं तर करू. पुढं गेली. मागं आली. दुसऱ्या फेरीला हँडब्रेकची तार तुटली. समोर फाउंड्रीच्या वाळूचा ढीग होता म्हणून पुढच्या नंबरप्लेटवर भागलं. ढिगाच्या डावीकडं चार हातांवर माणसं चहा पीत उभी होती.

मेस्त्री एवढंच म्हणाले, "गाडी चालू करायला लई जण येत्यात. थांबवायचं कोण शिकत न्हाई." आठ दिवस मी शेडकडं फिरकलो नाही.

१७ मार्च

ब्रेक. चारी चाकांना ड्रम, एकच लाइन सगळीकडं जाते. म्हणजे एक नळी फुटली की चारी चाकांचा ब्रेक गेला. त्यामुळे यात काटकसर करायची नाही.

चाकांचे सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले. नुसते रबर किट बदलून उपयोग नसतो, नवीन रबर खड्ड्यावर घासून महिन्यात गळतं. टर्नरकडून सगळे मोठे बोअर करून आत पितळेच्या स्लीव्ह दाबून घेतल्या, पुन्हा मूळ मापाला होन केलं. नगाला ४५०. ब्रेकचे पाइप सगळे नवे, तांब्याचे नाही, स्टीलचेच. लायनर रिव्हेट करून.

मग मी घोळ केला. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलाचा दाब लाइनीत ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, डबीत ओतायला कपाटातली बाटली घेतली. लेबल निघून गेलेलं. रंग तसाच. ते ब्रेक ऑइल नव्हतं, कुठलंतरी हायड्रॉलिक मशीनचं खनिज तेल होतं. दोन दिवसांनी पेडल वरच येईना. खोललं तर रबराचे वायसर फुगून सुजलेल्या हिरडीसारखे. ब्रेकचं रबर खनिज तेल सोसत नाही. सगळी किटं परत, सगळी लाइन स्पिरिटनं धुऊन परत. ३,८०० रुपये पाण्यात.

लेबल नसलेली बाटली शेडमध्ये ठेवू नका.

३१ मार्च

आता पत्रा. जिथून सुरू करायचं होतं तिथं पाच महिन्यांनी आलो.

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सगळीकडं फिरवला. पुढचं मडगार्ड, डिकीचं झाकण, छत, चिकटला. दाराखाली दोन्ही बाजूंना चिकटलाच नाही. तिथं पत्रा नव्हताच. लांबी (पुट्टी) होती, बोटभर जाड, वर रंग. काकांच्या काळातलीच कुणाची तरी कारागिरी.

या गाडीला वेगळी चासी नाही. तळ, दाराखालची पोकळ पट्टी, खांब, सगळं मिळून एकच पेटी, तीच गाडीचा कणा. त्या पोकळ पट्टीला मेस्त्री लोक बॉक्स म्हणतात. डाव्या बॉक्सला खालून स्क्रूड्रायव्हर टोचला आणि एक ढपला निघाला. मागोमाग गाळ. कोरडा, मऊ, चॉकलेटी, पंचगंगेचा. घमेलं धरलं. भरलं. दुसरं आणलं. दोन्ही बाजूंचा मिळून साडेतीन घमेली. त्यात उसाच्या पाचटाचे तुकडे, एक शंख, आणि काकूंच्या दारातल्या बकुळीच्या बिया. काळ्या, चकचकीत, मोजून सात.

बिया खिशात टाकल्या.

१४ एप्रिल

सर्वांत मोठी चूक, नीट वाचा.

वेल्डर आणि मी मिळून दोन्ही बाजूंचे बॉक्स एकदम कापले. वेळ वाचेल म्हणून. दारं आधीच काढून ठेवलेली. आत आडवा आधार काही नाही. गाडी पुढच्या आणि मागच्या चाकांवर उभी, आणि पुढं नवंकोरं इंजिन, गिअरबॉक्ससकट.

जेवून आलो आणि दार लावून बघितलं. लागेना. खाली कडेला फट एवढी की करंगळी जाते, वर दार खांबाला घासतंय. मोजलं तर आठ मि.मी. कणा काढून घेतला आणि पुढचं वजन तसंच ठेवलं, गाडी मधे वाकली.

इंजिन शेवटाला का, ते मला त्या दिवशी कळलं. मेस्त्रींना फोन केला नाही. फोन त्यांचाच आला. उद्यमनगरात बातमी चहाच्या टपरीवरून जाते.

५ मे

दुरुस्ती. इंजिन परत खाली उतरवलं. गाडी चार ठिकाणी लाकडी ठोकळ्यांवर घेतली, चाकांवर नाही. मधल्या खांबाखाली दोन जॅक. दाराच्या चौकटीत तिरके अँगल टाके मारून वेल्ड केले. मग दार बिजागरीला लावायचं, जॅक चार फेरे वर, दार मिटून बघायचं, परत उघडायचं, जॅक दोन फेरे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून दोन्ही बाजूंची मापं जुळवायची. पूर्ण रविवार यात गेला. संध्याकाळी सहाला डावं दार 'टक' करून बसलं. ७८ साली असाच आवाज येत असणार.

मगच नवीन बॉक्स. अठरा गेजचा पत्रा, वाकवून आणला. एका बाजूचा पूर्ण वेल्ड झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. एका जागी सलग वेल्ड ओढायचा नाही, इंच इथं, इंच तिथं, नाहीतर उष्णतेनं पत्रा ताणतो. आतून गंजरोधक मारला आणि पाणी निघून जायला खाली भोकं ठेवली, मूळ गाडीतली बुजली होती म्हणूनच गाळ साठला.

पत्रा आणि वेल्डिंग ४१,०००. त्यातले सात-आठ हजार माझ्या शहाणपणाचे.

२३ जून

किरकोळ कामं, एकदम लिहितो. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, सगळं नवं, ८,०००. रेडिएटर उघडून आतून सळी मारून साफ. गिअर स्टेअरिंगला असल्यानं मधे बरेच सांधे असतात, ते झिजून दांडा भाताच्या पळीसारखा हलत होता. टर्नरनं नायलॉनच्या रॉडमधून बुश काढून दिले, सहा नगांचे ३६०. या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत समाधानाचं काम. ५.२०-१४चे टायर शोधायला दीड महिना.

पेट्रोलचं मात्र नीट सांगतो. पंपाचा पडदा फेब्रुवारीत नवा टाकला होता, तो चार महिन्यांत कडक होऊन चिरला. जुन्या साठ्यातला होता. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला गंज. इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदा घ्या, महाग पडले तरी. आपल्याच जिल्ह्याच्या उसाची दारू आपल्याच फियाटला बाधते, आता तक्रार कुणाकडं करायची? काकांनी जन्मभर ऊस पिकवला.

२६ जुलै

रंगकाम बंद. पंचगंगेनं इशाऱ्याची ३९ फुटांची पातळी ओलांडली आणि धोक्याची ४३ फुटांचीही. काकू आमच्याकडं आल्या आहेत. चिखलीतलं सामान वर चढवून आलो. या वेळी गाडी तिथं नव्हती.

प्रायमर मारून झाला होता. पेंटरनं हात वर केले. हवेत इतकी ओल असताना रंग मारला की वर पांढरी साय धरते, चमक जाते. मी म्हटलं हॅलोजन लावू. तो म्हणाला, "लावा. आन् गणपती झाल्यावर परत घासायला मलाच बोलवा."

थांबलो. एखाद्याचं मी ऐकलं, अशी या वहीतली पहिलीच नोंद.

२२ सप्टेंबर

गणपती झाले, ऊन पडलं, रंग झाला. फिकट दुधी, मूळचा. ग्लोव्हबॉक्सच्या आत तो शिल्लक होता त्यावरून जुळवला. घासाई, लांबी, रंग, पॉलिश मिळून ५८,०००. रेक्झिनच्या सीटा १५,५००, त्याही दुधी. बायको म्हणाली, दुधी सीट कोल्हापुरात? ऐकलं नाही.

१२ ऑक्टोबर

दसरा. गाडीला कागद नाहीत म्हणून रस्त्यावर नाही, शेडमध्येच पूजा. झेंडूची माळ, आपट्याची पानं. टर्नर, वेल्डर, पेंटर, सगळ्यांना पेढे. संध्याकाळी चालत दसरा चौकात गेलो आणि गर्दीत टाचा उंचावून मेबॅक बघितली. खांदा मिळाला नाही.

१७ नोव्हेंबर

कागद झाले. आधी वारस म्हणून चुलतभावाच्या नावावर, मग माझ्या. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घ्यावी लागते, माझ्या वेळी (२०२४) फी ५,००० होती, पर्यावरण कर वेगळा, उशिराचा दंड वेगळा. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, मेळाव्याला आणि प्रदर्शनालाच. माझी सेहेचाळीस वर्षांची आहे. बरंच आहे. मला बाजाराला न्यायची आहे.

एकूण खर्च बेरीज केली. शेडचं भाडं धरून तीन लाख चौदा हजार. बायकोला दोन ऐंशी सांगितले आहेत. ती हे वाचत नाही.

२४ नोव्हेंबर

रविवार, जोतिबाचा वार. सकाळी साडेसहाला निघालो. काकू पुढं, मागं चुलतभाऊ, नारळ आणि गुलाल.

केर्लीपर्यंत काही नाही. चाळीस-पन्नासच्या पुढं नेली नाही. घाट लागला तशी दुसऱ्यावर घेतली. पुढं ट्रॅक्स, मागं एसटी, आणि वरून गर्दी. गाडी रेंगाळली तसा तापमानाचा काटा वर चढू लागला. तिसऱ्या वळणाला इंजिन खाकरलं आणि बंद पडलं. पेट्रोल पंप तापून आत वाफ धरली. ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला, चाकामागं दगड लावला. दोन्ही ब्रेक धरले, हे मुद्दाम लिहितो.

काकूंनी न विचारता पदराला बांधलेला रुमाल बाटलीत बुडवून दिला. "पंपावर टाक. तुझे काका ह्येच करायचे. ह्याच वळणाला." पाच मिनिटांत पंप निवला. गाडी सुरू केली, पण काकू अजून बाहेरच बघत.

"काकू, निघूया की."

"चालू झाली व्हय? आवाज न्हाई आला."

म्हटलं, काकू, तोच आवाज मीही वर्षभर शोधतोय. टप् टप् आणि मधेच फुस्स. सायलेन्सरसुद्धा बदलून बघितला.

काकू हसल्या. "त्यो आवाज व्हय? आरं, धुराचं ते लोखंड तडकलं हुतं नव्हं का. घेतल्यावर दोन वर्षांत. एकदा झाळ मारून आणलं, परत सुटलं. दर दिवाळीला म्हणायचे, यंदा बदलतो. कुठलं बदलतात? मी म्हटलं ऱ्हाऊ दे, तेवढं आलेलं तरी कळतंय, चहाचं आधण ठेवायला."

पुराचा काही संबंध नव्हता. सात हजार एकशे रुपयांचं मॅनिफोल्ड, भंगारात गेलेले दोन हजार दोनशे वेगळे.

वर दर्शन झालं. चांगभलं म्हणत चुलतभावानं बॉनेटवर गुलाल उधळला, तो वाऱ्यानं उघड्या काचेतून आत. दुधी सीटच्या शिवणीत गुलाबी रेघ बसली आहे. ओल्या फडक्यानं पुसली तर आणखी पसरली. ब्रशनं कोरडीच झाडायला हवी होती.

उतरताना दुसऱ्यावरच ठेवली, ब्रेक थोडा थोडा. ड्रम तापले, पण वास आला नाही. काकूंना चिखलीत सोडलं. बकुळीच्या बिया त्यांना परत दिल्या. त्यांनी त्या वृंदावनाच्या कठड्यावर ठेवल्या.

पुढच्या रविवारी: जुनं मॅनिफोल्ड घासून लावून बघणे. गॅस्केट एक, १८० रुपये. पितळी नट डझनभर. वेळ तीन तास. मेस्त्रींना सांगायचं नाही.